एक्कावन्नावा रुपया

तांडा, डोंगरकड्याजवळ
१२ जानेवारी २०२५

चि. दिपाला आजोबांचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

लेकरा, हातात मोबाईल असताना हा म्हातारा कागद काहून धाडून राहिला, असं नांदेडच्या वसतिगृहातल्या तुझ्या मैत्रिणी विचारतील. त्यांना सांग, छत्तीस वर्षं फळ्यावर चाललेला हात आहे, रिकामा बसवत नाही. इकडं हळदीचा पाला पिवळा पडू लागलाय. तुझ्या बापूची, देविदासची, पाठ आता बरी आहे.

एक काम आहे. दुकानात, बसमध्ये सुट्टे मिळतील ते निरखून घेत जा. जुना मोठा बंदा रुपया, सन १९८१ चा, कडेला बोटाला लागेल असा झाळणाचा, म्हणजे सोनाराच्या डाखाचा, टिपका. दिसला तर खर्चू नको. मी दर बाजारी जवळा बाजारला जाऊन भाजीवाल्यांची चिल्लर चाळतो.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझा आजोबा, मोहनसिंग


नांदेड
२३ जानेवारी

ती. आजोबांस दिपाचा साष्टांग नमस्कार. जय सेवालाल.

बापूंचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या आजोबाला आवर. नरसिंगच्या किराणा दुकानात तुम्ही गल्ला पोत्यावर उपडा करून दोन तास बसलात म्हणे, आणि गिऱ्हाईकं ताटकळली. नरसिंग म्हणतो, गुरुजींना लाखाचं नाणं घावलं तर अर्धं माझं. बापूंना वेगळीच भीती. मोबाईलवर ते व्हिडिओ येतात ना, एका रुपयाचे पाच लाख देतो, पण आधी नोंदणीचे दोन हजार भरा. त्यात तुम्ही फसाल असं त्यांना वाटतं.

मीही इथं चहावाल्यानं दिलेला प्रत्येक रुपया उलटापालटा करते. मैत्रिणी मला सावकारीण म्हणू लागल्यात. पण आजोबा, तो रुपया कशाला पाहिजे? विकायला असेल तर मी शोधणार नाही. खरं काय ते लिहा, मग बघू.

रागावू नका, पत्र थांबवू नका.
तुमची दिपा


तांडा
७ फेब्रुवारी

चि. दिपाला अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. देविदासलाही हे ठाऊक नाही.

एक्क्याऐंशी साली लग्न झालं, त्याच वर्षी नोकरी लागली. पहिल्या पगारातून एक्कावन्न नवीकोरी नाणी आणून तुझ्या आजीच्या ओंजळीत ओतली. तिनं सोनाराकडून एकेकाला कडी झाळून घेतली आणि ओढणीच्या काठाला टाचली. आपल्या बंजारा बायांची रीतच ती. तुझी आजी, नानीबाई, निघाली की अख्ख्या तांड्याला ऐकू यायचं.

मी पोरांकडून कविता चालीवर म्हणून घ्यायचो. ती दुपारी भाकर घेऊन शाळेत यायची. एकदा नदीची कविता रंगात आली होती, तेवढ्यात दारात नाणी वाजली. पोरं थांबली आणि हसली. मोठे गुरुजीही हसले. तिची पावलं कवितेच्या तालावरच पडत होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला नुसती लाज वाटली. घरी येऊन म्हणालो, गुरुजीची बायको आहेस, साडी नेसत जा.

पुढच्या बाजारी ती ओढणीची नाणी उसवून जवळा बाजारला घेऊन गेली, तिथंच कड्या तोडून ती मोजली आणि एक साडी घेऊन आली. म्हणाली, बराबर एक्कावन्न लागले. त्यानंतर ती दारात आलेली मला कधी ऐकू आली नाही.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आता एकटाच ती कविता म्हणतो, पण चाल दुसऱ्या कडव्याला लंगडते. परवा भिकाबाईच्या भाजीच्या टोपलीत झाळण लागलेला रुपया सापडला. सन पाहिलं तर १९७९. कुण्या दुसऱ्या बाईच्या ओढणीचा. तरी परत टाकवला नाही. माफी मागायची तर तिचं काहीतरी हातात पाहिजे ना, लेकरा.

या म्हाताऱ्याला हसू नको.
तुझा आजोबा


नांदेड
२० फेब्रुवारी

ती. आजोबांस साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. आता माझं ऐका.

साडी पन्नासालाच मिळाली होती. आजीनं दुकानदाराशी घासाघीस करून एक रुपया वाचवला, आणि त्याची कडी तोडली नाही. मी पहिलीत गेले त्या दिवशी तिनं तो माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवून दिला. सांगितलं, आजोबाला दाखवायचा न्हाई. तो आपल्या तोंडानं ओढणीचं नाव काढील त्या दिवशी द्यायचा. मी विचारलं, आणि न्हाई काढलं तर? तर तुझा, म्हणाली, आणि माझी वेणी घालत बसली. ती रागात नव्हती, आजोबा. वाट बघत होती.

म्हणून तर मागच्या पत्रात तुम्हाला खोदून विचारलं. रुपया आत्ता या कागदाशेजारी आहे. १९८१, कडी शाबूत. टपालात टाकायला धीर होत नाही. होळीला घेऊन येते.

तब्येतीला जपा, तोवर बाजारच्या फेऱ्या बंद.
तुमची दिपा


तांडा
१ मार्च

चि. दिपाला अनेक आशीर्वाद.

पोरांकडून छत्तीस वर्षं पाठांतर म्हणून घेतलं, आणि माझंच एक वाक्य तिच्या हयातीत तोंडाबाहेर पडलं नाही.

एकटं नाणं वाजत नाही, बाळा. म्हणून त्या १९७९ च्या रुपयालाही मी सोनाराकडून कडी झाळून आणली. कुणाचा का असेना, आपल्याच बायांपैकी कुणाच्या तरी अंगावरचा आहे. आल्यावर तो नरसिंगच्या दुकानातून घे, तिथं ठेवलाय. दोन्ही तुझ्या ओढणीला शेजारी शेजारी टाच आणि मग घराकडं नीघ.

मी थांब्यावर घ्यायला येणार नाही. ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसेन. तू हाक मारू नको, नुसती चालत ये.

कान देऊन बसलेला,
तुझा आजोबा