छबूबाई ओनियन एक्सपोर्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून वही लिहिणार. कारण आजपासून नोकरी. वाकडला, पंधराव्या मजल्यावर. फ्लॅटच आहे, पण एसी आहे. मॅनेजर शेखरभाऊ. मुलाखतीत त्यांनी विचारलं, कमी बोलतोस का रे? मी मान हलवली. म्हणाले, मग तूच पाहिजेस.
न बोलल्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा झाला. नववीत उभं राहून धडा वाचायला लावायचे, म्हणून शाळा बंद. आई लोकांना सांगते, गणराजची शाळा सुटली. सुटली नाही. मी सोडली.
पोस्ट: पेमेंट मॅनेजर, अमेरिका.
सहा महिन्यांत आईचं चाकण मार्केटात कांदा निवडणं बंद करणार. फायनल.

५ नोव्हेंबर, बुधवार
काम समजलं. अमेरिकेत लोकांना मोबाइलवरून मॅचवर पैसे लावायचे असतात. साइट कुठल्यातरी बेटावरची. म्हणून मधली पेमेंट कंपनी कार्ड अडवते. जुगार दिसला की रिजेक्ट. मग आपण जुगार दिसू द्यायचाच नाही, दुकान दिसू द्यायचं. शेखरभाऊंनी विचारलं, "कुठलं दुकान काढायचं, भावा? कोणाला डाउट नाय आला पाहिजे."
मी हळूच म्हणालो, कांदा.
शेखरभाऊ खुर्चीवरून उठले. म्हणाले, "चाकणचा शोभतोस राव!"
म्हणजे तिकडचा माणूस लावणार मॅचवर आणि त्याच्या बिलावर येणार कांदा. आयडिया माझी.
हा जुगार नाही. मी तर पत्ते पण खेळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
कागदावर मालक पाहिजे. माझं नाव देणार होतो, पण अठरा पूर्ण नाहीत. शेखरभाऊ म्हणाले, कांद्यातलंच माणूस असेल तर बेस्ट. आईचं आधार, पॅन, पासबुक नेलं. आईला सांगितलं, कंपनी मेडिक्लेम काढतेय. म्हणाली, "माझा बी? चांगली हाय की रं तुझी कंपनी." सही केली. सही करताना ती जीभ बाहेर काढते.
खोटं नाही. पुढे मेडिक्लेम काढणारच आहे.
तिच्या खात्याला शेखरभाऊंनी स्वतःचा मोबाइल नंबर जोडला. आईला सारखे मेसेज येऊन त्रास नको म्हणून. एवढा विचार कोण करतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार
वेबसाइट तयार. फोटो मी काढले, आई ज्यांच्या गाळ्यावर कामाला आहे त्या सोपानरावांच्या ढिगाचे. ते जेवायला गेले होते तेव्हा. विचारणार होतो, पण माणूस जेवताना डिस्टर्ब करू नये.
नाव: छबूबाई ओनियन एक्सपोर्ट. स्थापना १९८२. आईचा जन्म ब्याऐंशीचा. त्यामुळे बरोबर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
अमेरिकेत रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. मॅच चालू. एकट्या टेक्सासने चहा होईपर्यंत दोन ट्रक कांदा उचलला. शेखरभाऊंनी बिर्याणी मागवली. सोबत कांदा होता. आम्ही दोघं खूप हसलो. मी आवाज काढून हसलो.
पगाराचं विचारणार होतो. मूड चांगला होता, म्हणून घालवला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
एका मॅडमचा ईमेल. ट्रान्सलेट केला. दर रविवारी नवऱ्याच्या कार्डवर तुमचा कांदा दिसतो. घरात एक कांदा येत नाही. नवऱ्याला कांदा चालतही नाही, पोटात गॅस होतो.
कस्टमर सर्व्हिस पण माझ्याकडेच. लिहिलं, मॅडम, समुद्रातून यायला वेळ लागतो. तोवर खाली भज्यांची कृती देत आहे. ओवा घातला की गॅस होत नाही.
उत्तर एका शब्दाचं आलं. फ्रॉड. ट्रान्सलेट करावं लागलं नाही.
परदेशी लोकांना ओवा माहीत नसावा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मधल्या पेमेंट कंपनीचे प्रश्न आले. तुमचा कांदा फक्त मॅचच्या वेळेतच का विकला जातो? गिऱ्हाईक रात्री दोनला कांदा का मागवतात? एवढा कांदा गेला, तर जहाजाची पावती कुठे?
पहिल्याला लिहिलं, मॅच बघताना लोकांना भूक लागते. दुसऱ्याला तेच. तिसरा उद्यावर ठेवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नोकरी सोडायचं ठरवलं. बसमध्ये वाक्य पाठ केलं. शेखरभाऊंसमोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, काय? मी म्हणालो, पाणी पाहिजे का?
पण त्यांना कळलंच. म्हणाले, "जा की, दार उघडं आहे. पण भावा, नाव आईचं, खातं आईचं. तू गेलास तर उत्तरं कोण देणार? ती माउली?"
खरंच आहे. आईची काळजी आहे त्यांना. थांबलो. घाबरून नाही, जबाबदारी म्हणून.

१ डिसेंबर, सोमवार
पेमेंट कंपनीला व्हिडिओ कॉल पाहिजे. गोडाऊनमध्ये उभी असलेली मालकीण दाखवा, नाहीतर बंद. शेखरभाऊ म्हणाले, उद्या उरक, मी बाहेरगावी चाललोय.
आईला शिकवलं. कोणी विचारलं तर एवढंच म्हण, मी मालक. तिनं विचारलं, "कशाची?" मी म्हणालो, कांद्याची. कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "मेडिक्लेमला असलं बी इचारत्यात व्हय?"
प्लॅन एकदम सोपा आहे.

२ डिसेंबर, मंगळवार
थोडक्यात. आई ढिगाजवळ, डोक्याला फडकं. मी मोबाइल धरून. पलीकडून हिंदी बोलणारी बाई. आप मालिक हैं? आईनं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मागून सोपानराव आले. "कोण रं ह्यो? माझ्या मालाचं शूटिंग कुणाला इचारून?" आई गडबडली. म्हणाली, "मी न्हाई बाई, हेच मालक. मी रोजावर हाय. पोरानं सांगितलं म्हून बोलते."
कॉल कट.
नेटवर्कचा प्रॉब्लेम असू शकतो.

५ डिसेंबर, शुक्रवार
आईचं खातं गोठवलं. तिची मजुरी पण त्यातच. बँकेत तिला सांगितलं, वरून ऑर्डर आहे. शेखरभाऊंचा फोन बंद. वाकडला गेलो. फ्लॅटला कुलूप. वॉचमन म्हणाला, ते तर महिन्याच्या भाड्यावर होते.
बाहेरगावाहून आले की फोन करतीलच.

८ डिसेंबर, सोमवार
चौकीतून फोन. छबूबाईंनी उद्या हजर राहायचं.
आईला सांगितलं. अर्धं. मग उरलेलं. भाकरी थापता थापता थांबली. विचारलं, "अमेरिकेला कांदा गेला का एक तरी?" मी म्हणालो, नाही. मग तिनं ती भाकरी तव्यावर टाकली.
ठरलं. उद्या आई गप्प, मी बोलणार. सही फसवून घेतली, साइट मी केली, शेखरभाऊ असे दिसतात, फ्लॅट इथे आहे. पाठ झालं. दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. एकदम क्लिअर. मला बोलता येत नाही असं नाही, आजवर विषयच तसा नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार, दुपार. चौकीबाहेर, बाकावर
आत गेलो. साहेबांनी विचारलं, ह्या एक्सपोर्टचा मालक कोण? मी श्वास घेतला.
आई म्हणाली, "मीच."
साहेब म्हणाले, बाई, एक्सपोर्ट म्हणजे काय माहीत आहे का? ती म्हणाली, "सही माझीच हाय ना? मंग मीच." वेबसाइट कोणी केली? "मीच." कॉम्प्युटर येतो? "शिकले." माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.
साहेबांनी मला विचारलं, तू कोण रे?
मी म्हणालो, सोबत आलोय.
मला बाहेर बसायला सांगितलं. आता दार उघडलं की आत जाऊन सगळं सांगणार.
दार उघडलं. चहा आत गेला. लगेच लावून घेतलं, वेळच मिळाला नाही.
परत उघडलं. हवालदार बाहेर आले. म्हणाले, बाईंना वेळ लागेल, तू घरी जा.
मी म्हणालो, बरं.