दोघींच्या नावावरची गाडी

३ मार्च

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते, कारण तापाने फणफणली असलीस तरी 'मी मजेत' असंच लिहिणार. इथे सगळे धडधाकट. बाबांना एकोणऐंशी पुरी झाली, पण कानाचं यंत्र लावायचं अजून मनावर घेत नाहीत. नको ते त्यांना समोर बसून ऐकू येत नाही आणि हवं ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. आमच्या ह्यांचं नेहमीचंच, पेपर आणि सल्ले. दुकानात एका वसतिगृहाचं काम आलंय, एकशे बारा खिडक्यांचे पडदे, सगळे एकाच राखाडी रंगाचे. दोन दिवसांत कंटाळून गेले, पण काम चोख चाललंय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. सोबत एक फॉर्म आहे. दचकू नकोस, गाडीचा आहे.

गाडीने मान टाकली. गेल्या मंगळवारी पडद्यांचे दांडे टपावर बांधून निघाले, तर चौकात मधोमध बंद पडली. मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की बसचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला, आग लागली की काय म्हणून. मी काच खाली करून म्हटलं, "काही नाही हो, म्हातारी विडी ओढतेय." तो हसला आणि त्यानेच ढकलून गाडी कडेला लावून दिली.

मिस्त्रीकाकांनी दोन दिवस तपासली. तेच आपले, गोदामामागच्या गॅरेजचे. आता डोकं पार पांढरं झालंय, पण हात तसाच. म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल. रिंगा गेल्यात, गिअरबॉक्सही कुरकुरतोय. करून देतो, पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको. पण ताई, तेवढ्यात दुसरी बऱ्यापैकी गाडी येईल. तुम्ही ठरवा." आमच्या ह्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मिळालं: "मोडीत काढ."

मला ठरवायला वेळ लागत नाही हे तुला माहीत आहे. एकोणीस वर्षांची गाडी. तुला नर्सची नोकरी लागली आणि माझं दुकान उभं राहिलं त्या वर्षी आपण दोघींनी मिळून घेतली होती. सकाळी मी कापडाचे गठ्ठे न्यायचे, दुपारनंतर तू घरोघरी पेशंट बघत फिरायचीस. मागच्या सीटवर कधी अस्तराचं कापड तर कधी तुझ्या पट्ट्या आणि बाटल्या. चांगली चालली, भरपूर चालली. आता दुसरी घ्यावी असं माझं मत आहे. पण गाडी आपल्या दोघींच्या नावावर, म्हणून तुझी सही लागते. पेन्सिलने फुली केली आहे तिथे कर.

बाबांचा गुडघा थंडीत धरतो, तरी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. त्या रविवारचं मी काढत नाही, तूही काढू नकोस. अकरा वर्षं झाली.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी
ताई

१९ मार्च

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. फॉर्म पोचला. चार दिवसांत आला, म्हणजे तू आला तसा सही करून परत टाकलास. सही ठीक आहे. सहीखाली तू एक ओळ लिहिली आहेस, तीही वाचली. "विक नाही तर मोडीत दे, मला विचारू नकोस. माझ्या हातून जे झालं ते रस्त्यावर फिरताना कुणाला दिसायला नको."

ते वाचून मी कात्री खाली ठेवली. मग ती उचलून पुन्हा कामाला लागले.

शनिवारी आम्ही तिघं नव्या गाड्या बघायला गेलो. आमच्या ह्यांनी खिशात प्रश्नांची यादी नेली होती. विक्रेता बिचारा घामाघूम. बाबांना हौसेने पुढच्या सीटवर बसवलं. विक्रेता सांगत होता की समोर काही आलं तर ही गाडी आपला आपण ब्रेक लावते, चालवणारा घाबरला तरी. बाबांना ते बरोब्बर ऐकू आलं. डॅशबोर्डवर हात फिरवत म्हणाले, "हे त्या वेळी असतं तर आमच्या धाकटीची चूक निभावून गेली असती. घाबरून भलत्याच ठिकाणी पाय दाबला पोरीने." विक्रेत्याने मान हलवली. मी "जरा आलेच" म्हणून बाहेर पडले आणि तडक मिस्त्रीकाकांच्या गॅरेजला गेले.

ते आपल्या गाडीखाली आडवे होते. म्हटलं, "काका, काही सांगू नका, मोडीतच देऊया." ते खालून सरकत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "द्या की. पण एक विचारू? अकरा वर्षं तुम्ही दर तीन महिन्यांनी गाडी आणता आणि म्हणता, ब्रेक बघा. असं दुसरं गिऱ्हाईक मला नाही. मी कुणाकडे बोललो नाही, ताई. बोलणारही नाही. फक्त म्हटलं, मला आठवतंय एवढं तुम्हाला माहीत असावं."

खारू, आता नीट वाच. मी हे सांगताना गळा काढणार नाही, तूही मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

त्या रविवारच्या आधी, गुरुवारी, मी गाडी त्यांच्याकडे नेली होती. कर्कश आवाज येतो म्हणून. त्यांनी पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, ब्रेकचं तेल झिरपतंय, पेडल केव्हाही खाली जाईल, गाडी ठेवून जा, दोन दिवस लागतील. माझ्याकडे शुक्रवार-शनिवार दोन घरांचे पडदे लावायचे होते. मी म्हटलं, "सोमवारी आणते." ते म्हणाले, "मग तोवर चालवू नका." मी हो म्हटलं आणि शुक्रवारी चालवली, शनिवारीही चालवली. काही झालं नाही. रविवारी सकाळी तू बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला किल्ली मागितलीस. मी ओट्यापाशी होते. किल्ली काढून दिली. एक शब्द बोलले नाही. विसरले असं लिहिलं तर तू मानशील कदाचित, पण विसरले नव्हते. वाटलं, दोन दिवस चालली, आज कशाला काय होतंय.

पाण्याच्या टाकीच्या उतारावर पेडल खाली गेलं. समोर रस्ता ओलांडणारी माणसं होती म्हणून तू गाडी भिंतीवर घातलीस. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त बाबांचा गुडघा गेला. तू तिथे, दवाखान्यात, घरी, सगळ्यांना सांगत होतीस, ब्रेक लागलाच नाही. बाबांनी मला समोर बोलावून विचारलं, "गाडीत काही दोष होता का?" मी म्हटलं, "नाही. नुकतीच दाखवली होती."

दाखवली होती, हे खरं होतं. त्याच खऱ्याच्या आड मी अकरा वर्षं बसले.

त्यानंतर बाबा तुला जे बोलले ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. पुन्हा चाक हातात धरू नकोस म्हणाले, आणि तू धरलं नाहीस. घरोघरी जाणारी नर्स, जिची म्हातारी माणसं दारात वाट बघायची, ती रुग्णालयाच्या तळघरात फायली लावत बसली. पुढे पुढे तूही म्हणायला लागलीस, घाबरून चुकीचा पाय दाबला असेन. ते ऐकूनही मी गप्प राहिले. सर्वांत वाईट काय केलं असेल तर हे.

तुझी चूक नव्हती. त्या क्षणी तू जे केलंस ते मला जमलं नसतं.

फॉर्म परत पाठवतेय. ती सही तू माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून केलीस, मी ती वापरणार नाही. आता सगळं कळलंय, तर गाडीचं काय करायचं ते तू सांग. बाबांना मी उद्या सकाळी सांगणार आहे. तू सांगायची गरज नाही, ते माझं काम आहे.

ताई

११ एप्रिल

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून माझा आवाज तसा लागला. अकरा वर्षांत तू पहिल्यांदा आपणहून फोन केलास आणि एकच विचारलंस, "पेडल पूर्ण खाली गेलं होतं ना, ताई?" मी म्हटलं, "गेलं होतं." तू फोन ठेवलास. बरं केलंस. त्यापुढे मी काही बोलले असते तर ते स्वतःसाठी बोलले असते.

बाबांचं सांगते. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि मोठ्याने सांगितलं, एकदाच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, म्हणजे सगळं ऐकू आलं. चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "मी तिला जे जे बोललो, ते आता कसं परत घेऊ?" मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे." ते म्हणाले, "तुझं तू बघ. मी माझं विचारतोय." चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे, यायचे. आमचे हे या वेळी एकही सल्ला न देता त्यांच्या शेजारी पेपर वाचत बसायचे. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

पाचव्या दिवशी बाबांनी स्वतःहून कानाचं यंत्र मागितलं. म्हणाले, ती आली आणि काही बोलली तर मला अर्धवट ऐकायचं नाही.

मग तुझं पत्र आलं. घाईत लिहिल्यासारखं, शाई पसरलेली. "मोडीत देऊ नकोस. दुरुस्त कर. मला ती गाडी त्याच उतारावरून एकदा खाली आणायची आहे. तुला मी माफ केलेलं नाही. ते आणि गाडी, दोन्ही वेगवेगळं ठेव."

ठेवते.

पत्र घेऊन मी गॅरेजला गेले. म्हटलं, "काका, खोला इंजिन. पण आधी ब्रेकचं काम. पंप, नळ्या, सगळं नवीन. जुना एक स्क्रूसुद्धा नको." त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "धाकटी." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मग मी स्वतः करतो." ह्यांनी घरी आल्यावर हिशोब मांडायला कागद काढला होता, तो घडी करून ठेवून दिला. नवी गाडी शहाणपणाची ठरली असती हे मलाही कळतं. सध्या मला तेवढं शहाणपण नको आहे.

काम आठ दिवसांत पुरं झालं. काल मी आणि मिस्त्रीकाका टाकीच्या उतारावर गेलो. सात वेळा वरून खाली आणली, रिकामी, भरलेली, मुद्दाम जोरात. प्रत्येक वेळी जिथे सांगितलं तिथे थांबली. त्यांच्याकडून लिहून घेतलंय, तो कागद सोबत आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तू त्या सीटवर बसावंस असं मी म्हणणार नाही, म्हणून कागद.

तुझ्या परवान्याची मुदत संपली असेल, ते आधी बघ. चालवायची सवय मोडली असेल असं तुला वाटेल, पण तू कधीच वाईट चालवत नव्हतीस. त्या दिवशीही नाही. हे मी आता घरात, दुकानात, गॅरेजमध्ये, विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही सांगतेय. मावशीला फोन करून सांगितलं. तुझ्या जुन्या रुग्णालयातल्या मेट्रन आता निवृत्त झाल्यात, त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. त्या माझ्यावर भडकल्या, आणि मग म्हणाल्या की घरोघरी जाणाऱ्या नर्सची जागा अजून भरत नाही, माणूसच मिळत नाही. मी तुझ्यासाठी काही बोलले नाही, ते तुझं तू ठरवशील. फक्त ऐकलं ते कळवतेय.

तू जेव्हा येशील तेव्हा बाबा पुढे बसणार आहेत. मी म्हटलं, गुडघ्याला मागे जास्त जागा आहे. ते म्हणाले, "त्या दिवशी पुढेच होतो. आजही पुढेच." तेव्हा पुढे ते. मी गाडीत नसेन. उताराच्या खाली, रस्ता ओलांडायच्या जागी उभी राहीन. तू वरून येशील तेव्हा मी बाजूला होणार नाही.

'तुझी' हा शब्द या वेळी लिहीत नाही. तो तू म्हणशील तेव्हा.

ताई