न्हाणीतल्या मुंग्या

सोलापूर,
१२ डिसेंबर १९७४

प्रिय ईरम्मा,

एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्या न्हाणीत कधी साखर सांडत नाही की गूळ ठेवलेला नसतो. तरीही भिंतीच्या कडेने मुंग्यांची काळी रांग थेट मोरीपर्यंत जाते. ती बारा महिने नसते. तुला दिवस गेले की पोट दिसू लागण्याच्या सुमारास येते आणि बाळंतपण झाले की जशी आली तशी नाहीशी होते. मागच्या दोन्ही खेपांना हेच झाले आणि दोन्ही बाळे शेवटच्या महिन्यात पोटातच निपचित झाली. आता तिसऱ्या खेपेला रांग पुन्हा लागली आहे. मुंग्यांना कसे कळते?

गेल्या खेपेला मी दुधनीला आले होते, तेव्हा त्यांच्यावर पाणी ओतायला निघाले, तर तुझ्या सासूबाईंनी माझ्या हातातला तांब्याच धरला. "ऱ्हाऊ द्या की, अक्का. तुमच्या शाळंत न्हाय शिकवत ह्ये. वाट दावाया आल्यात त्या. पयला उपाशी गेला, त्योच परत येतोय." मोरीच्या काठावर त्यांनी चिमूटभर पिठीसाखर ठेवली आणि आत जाऊन तुला गव्हाच्या गोड हुग्गीची दुसरी वाटी वाढली. तुझ्या सासूबाईंची, गुरम्मांची माया मी कधीच नाकारणार नाही. त्या मायेचीच मला भीती वाटते.

यामागचे शास्त्र मोठे सुंदर आहे. वर्गात मी ते सांगू लागले की घंटा झालेलीही मुलींना कळत नाही. बाळाला अन्न पोचवणारी वार आईच्या रक्तात काही रस सोडते. त्यांच्यामुळे साखर जिरवणाऱ्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते, काहींचे काढू शकत नाही. मग रक्तात साखर साचते, लघवीतून बाहेर पडते आणि मुंग्यांना तिचा माग लागतो. वार पडली की कारण संपते, म्हणून रांगही संपते. हा गरोदरपणापुरता मधुमेह असतो. आईला फारसे काही जाणवत नाही. बाळाकडे मात्र ती सारी साखर जाते आणि ते नको तितके वाढते.

दुसरे बाळ तुला पाहू दिले नाही. मी पाहिले. मागच्या परसात, पहिल्याच्या शेजारी, खड्डा खणून होईपर्यंत ते माझ्याच मांडीवर होते. भरलेले खांदे, गोबरे गाल, लालबुंद रंग; जणू दोन महिन्यांचे मूल झोपले आहे. शेजारच्या केराबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो त्योच की गं." तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पुढे पुस्तकांत वाचले, की अशा मातांची बाळे एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात. चेहऱ्याचे कोडे सुटले. डाव्या कानामागे दोघांनाही असलेल्या तांबड्या डागाचे अजून सुटलेले नाही. तुझ्यापासून ते लपवून मला काही शिकवायचे नाही.

आता जेवणाचे. उपास मुळीच करू नकोस. उपाशी राहणे हेही औषध नव्हे. एकदाच पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे, पण वेळच्या वेळी खा. भाकरी जोंधळ्याचीच, मात्र एका वेळी एक. तिच्यासोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, मेथी, अंबाडी, काकडी आणि वाटीभर ताक. मधल्या वेळी मूठभर भाजलेल्या शेंगा किंवा फुटाणे. गूळ, साखर, केळी, गोड चहा बंद. जेवल्यावर अंगणात फेऱ्या घाल. येत्या आठवड्यात तुझ्या डोहाळजेवणाचा कुबसा आहे. ओटी भरायला घरोघरच्या बायका गोडाची ताटे आणतील आणि प्रत्येक ताटातला घास घेतल्याशिवाय उठू देणार नाहीत. त्या ताटांना नुसता हात लाव.

काल तुझे यजमान ईश्वरप्पा तूर घेऊन बाजारात आले होते, ते घरी येऊन गेले. चहा तसाच निवला. म्हणाले, "अक्का, ती पोटावर गुळाचा खडा ठिवून त्याच्यासंगं बोलती. बोलता बोलता थांबती. ऐकल्यावानी." नंतर हळूच म्हणाले, "मग म्हणती, व्हय, देते की, आणि खडा खाती." म्हणून हे पत्र. तू ऐकतेस ते खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. पण तो तोच असेल, तर नीट ऐक, ईरम्मा: तो उपाशी गेला नव्हता. दोन्ही वेळा त्याला आपण जास्तच भरवले. सोबत निळ्या द्रावणाची बाटली, काचेची नळी आणि चिमटा पाठवते आहे. द्रावण विषारी आहे, उंच फळीवर ठेव. जेवणानंतर दोन तासांनी नळीत खुणेपर्यंत द्रावण घे, त्यात लघवीचे आठ थेंब टाक आणि नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धर. निळे राहिले तरी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचेच आहे. हिरवे, पिवळे किंवा विटकरी झाले, तर लघवीत साखर आहे; मग कुबसा राहू दे. मिळेल त्या गाडीने माझ्याकडे ये. आणि नळी तापत असताना तो काही मागू लागला, तर त्याला सांग, थांब, आधी रंग पाहू दे.

तुझीच,
पार्वतम्मा अक्का