दाजींच्या डाव्या हाताची जागा

६ जाने., मंगळ.
अँप आला. नांदेडहून पॅसेंजरमध्ये, माझ्या मांडीला खेटून. पूर्णा स्टेशनवर उतरवताना हमालानं विचारलं, यात काय हाय, पिठाची गिरणी? गिरणीच समज म्हटलं. पंधरा इंची स्पीकर, मागं चाकं, वर सहा नॉब. आजवर माझी बेस गिटार आमच्या ऑर्केस्ट्रातल्या माधवच्या कीबोर्डच्या अँपमध्ये खुपसून वाजवत आलो. त्यात ती वाजायची कमी आणि कण्हायची जास्त.
पाच तारांची बेस घ्यावी की स्वतःचा अँप, यावर अख्खं वर्ष घातलं. पाचव्या तारेचा खर्ज इकडच्या भाड्याच्या स्पीकरांना झेपत नाही, नुसता मांडव हलतो. त्यापेक्षा आहेत त्या चार तारा नीट ऐकू आलेल्या बऱ्या.
बायको, सुरेखा, म्हणाली, चष्म्याच्या एवढ्याशा दुकानात हे धूड ठेवल्यावर गिऱ्हाईक कुठं बसवणार? अँपवर, म्हणालो. संध्याकाळी एक जण बसलाही.

९ जाने., शुक्र.
ताडकळसला प्रॅक्टिस, दाजींच्या ओसरीवर. दाजी म्हणजे अक्काचे मालक. गावात मन्मथअप्पा. शेती करतात, आणि आमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतात. खरं तर आमचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या ढोलकीभोवती वाजतो, पण हे माधवसमोर बोलायची सोय नाही. कीबोर्ड त्याचा, गाणं त्याचं, बॅनरवर नावही त्याचंच.
आज लिहूनच ठेवतो. दाजींच्या उजव्या हातासारखा हात आणखी कुणाचा असेलही, डाव्यासारखा नाही. ढोलकीची डावी बाजू म्हणजे धूम. तळवा चामड्यावरून घासत नेतात तेव्हा आवाज खाली वाकतो आणि समेवर बरोबर उठून उभा राहतो. दावणीची म्हैस तालात हंबरली तर असंच वाटेल. किती वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो.
अक्काच्या लग्नात वरातीतला ढोलकीवाला ठेका सोडायला लागला, तर नवरदेव घोड्यावरून उतरले. मुंडावळ्या मागं सारल्या आणि त्याची ढोलकी स्वतःच्या गळ्यात. नाचणारं वऱ्हाड थांबून ऐकायला लागलं. अक्का जीपमध्ये फुगून बसलेली. मी तेव्हा अकरावीत. त्या दिवशी ठरवलं, हे शिकायचं. दोन वर्षं बडवली. तळव्याला फोड आले, तो आवाज काही आला नाही. मग बेस धरली. त्या आवाजाच्या शेजारी तरी बसायला मिळावं म्हणून.
हे दाजींना कधी सांगितलं नाही. मेव्हण्यानं असलं बोलायचं नसतं, नुसती थट्टा करायची असते.
अँप बारीक ठेवला होता. दाजींनी एकदा वळून बघितलं.

१२ जाने., सोम.
काल पूर्ण्यात कार्यक्रम. रेल्वेतले एक साहेब रिटायर झाले, त्यांचा. अँपचा पहिला दिवस! खालच्या सुरांचा नॉब तीन चतुर्थांश फिरवला. पहिल्याच सुराला पुढच्या रांगेतल्या बायांनी छातीला हात लावले. लहान पोरं येऊन स्पीकरच्या जाळीवर तळवे ठेवून उभी राहिली. नंतर तीन-चार जण मुद्दाम येऊन सांगून गेले, आज भरल्यासारखं वाटलं म्हणून. साउंडवाले खलीलभाई कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनीही अंगठा दाखवला.
मी हवेत. आता हवेत म्हणजे किती, तर घरी आल्यावर सुरेखाला दोनदा तेच सांगितलं.
दाजी जेवायला थांबले नाहीत. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, लाईट यायची वेळ झाली म्हणाले. असेल.

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगूळ घेऊन ताडकळसला गेलो. दाजी बाजेवर. तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. रविवारच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ, कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलेला. दाजी अगदी मधोमध दिसतात. उजव्या हाताची थाप ऐकू येते. डावा हात घासतोय, उठतोय, पडतोय. आवाज नाही. तिथं सगळीकडं माझी बेस.
"हे बघा मेव्हणे. हात हालायलाय. आवाज कुठं हाय?"
एरवी संतू, तू. आज मेव्हणे. रेकॉर्डिंग मोबाईलचं आहे, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी शांतपणे दुसरा व्हिडिओ लावला. तोही तसाच.
"तुमचा अँपचा डबा लय चांगला हाय. न्हाई म्हणत न्हाई मी. पण मग मला कशाला तिथवर वढता? वालूरच्या कार्यक्रमाला मी न्हाई."
रागावून बोलले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी पुन्हा व्हिडिओ लावला आणि स्वतःचा हात बघत बसले. मला ते बघवेना.
ज्या आवाजासाठी बेस धरली तोच मी बुजवला. वर टाळ्या घेतल्या.

१५ जाने., गुरु.
खलीलभाईंना गाठलं. त्यांचं म्हणणं सरळ. अँप दाजींच्या पाठीमागं ठेवलेला, धूमचा माइक त्याच्या तोंडासमोर. पहिल्याच गाण्यात स्पीकरमधून शिट्टी यायला लागली. "फिर वो माइक मैंने पूरा नीचे कर दिया. किसी को बोला नै." दाजींना का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, चालू कार्यक्रमात कुणाला काय सांगणार? त्यांचंही खरं. शिट्टी वाजली असती तर शिव्या त्यांनाच बसल्या असत्या. अँप तिथं ठेवणारा मी.
माधवला फोन केला. वालूरचा कार्यक्रम २५ ला, तिथल्या आडत्याच्या नातवाचं बारसं. म्हटलं, दाजी येत नाहीयेत. तर तो म्हणतो, ऑक्टोपॅडच्या मशीनवर ढोलकीचा आवाज आहेच, काम भागतंय.
काम भागतंय म्हणे. कालवण नसलं तर मिठाशी भाकर खाऊनही भागतंच. फोन आपटला. नंतर उचलून काच बघितली, फुटली नव्हती.

१७ जाने., शनि.
अक्काचा फोन. दोन्ही ढोलक्या माळ्यावर गेल्या. तिला वाटलं होतं घर जरा शांत होईल, तर माणूस दिवसभर व्हिडिओच बघत बसायलाय. "वरातीत ढोलकी बडवत होते तवा चिडले होते मी. आता वाजवंनात म्हणून चिडायले. माझ्या नशिबाला चिडणंच हाय."
मी येऊन समजावू का विचारलं. नको म्हणाली. गोड बोलून ऐकणारा माणूस नव्हे तो. कानाला पटलं तर येईल, नाहीतर नाही.
अक्काला सूर कळत नाही म्हणतात. कळायचं ते बरोबर कळतं.

२० जाने., मंगळ.
तीन दिवस दुकानात हेच. दाजींच्या प्रॅक्टिसचं जुनं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये होतं, ते दुकानातल्या स्पीकरवर लावायचं, आपण वर बेस वाजवायची आणि धूम ऐकू येते का बघायचं. चष्म्याचा नंबर काढतो त्याच पद्धतीनं. एका वेळी एकच भिंग बदलायचं, दोन बदलली तर कशानं फरक पडला ते कळत नाही.
खालचा नॉब, ज्याच्यावर एवढा भाव खाल्ला, तो उतरवत उतरवत निम्म्याच्याही खाली नेला. धूम वर आली. मधला थोडा चढवला, म्हणजे बेसचा सूर कळतो आणि छातीवर बसत नाही. नव्या तारा काढून जुन्या चढवल्या. जुन्या कमी घणघणतात. तरी सूर लांबत होता, म्हणून भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा कापून तारांच्या खाली, पार टोकाशी दाबला. आता आवाज ठुम् म्हणून येतो आणि विझतो. सुरेखा स्पंज शोधतेय.
एक गुरुजी डोळे तपासायला आलेले. चाचणीची फ्रेम नाकावर, एक डोळा झाकलेला. मी मध्येच नॉब फिरवला आणि सवयीनं विचारलं, आता बरं की आधी बरं? आधी बरं होतं म्हणाले, ढोलकी कळत होती. भिंगाचं विचारलंच नव्हतं हे आम्हा दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. गुरुजींचं बरोबर होतं, नॉब मागं नेला.
अँप पुढच्या वेळी स्टुलावर, माझ्या कानाकडं तोंड करून, ढोलकीपासून लांब. खलीलभाईंना सांगून ठेवलंय.

२२ जाने., गुरु.
बेस आणि दुकानातला छोटा स्पीकर घेऊन ताडकळसला. दाजी अंगणात तूर उफणत होते. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. अक्कानं वायर लावून दिली. मी मोबाईलवर त्यांचंच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाजवायला लागलो. ते पाठ करून सूप हलवत राहिले. गाणं संपलं.
"पुन्यांदा वाजव."
वाजवलं. सूप थांबलं नाही, पण डोकं माझ्याकडं कललं. तिसऱ्यांदा झाल्यावर सूप खाली ठेवून आले, पायरीवर टेकले.
"आवाज जागेवर आलाय. डबा कमी केलास, हात कमी केला न्हाईस. एक सूर धरला की दुसरा येईस्तोवर तू सोडीतच न्हाईस. मग मी घुसू कुठून?"
तुरीचा भुसा उडतोय, अंगणात कुत्रं भुंकतंय, त्यात पाठमोऱ्या माणसानं माझं वर्षानुवर्षांचं दुखणं पकडलं. नॉब फिरवून ते जाणार नव्हतं. बोट तारेवर ठेवायचं मला येतं, उचलायचं येत नाही. असा कान असलेला माणूस घरात मिळाला, आणि आम्ही म्हणे पॅडवर काम भागवणार.
वालूरचं काढलं. तूर व्हायची आहे म्हणाले.

२६ जाने., सोम.
काल वालूर. चार वाजल्यापासून जुळवाजुळव. दाजी नाहीत. माधवनं पॅडवाला उभा केला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ढोलकीची उजवी बाजू वाजव, धूमच्या पॅडला हात लावायचा नाही. का विचारलं त्यानं. मी नुसतं रोखून बघितलं, तेवढ्यानंच तो गप्प झाला.
आणि मग जिथं जिथं दाजींचा डावा हात आला असता, तिथं तिथं मी तारेवरून बोट उचललं. सोपं नव्हतं. उचलल्यावर पोकळी ऐकू येते, आणि ती भरायला हात शिवशिवतो. माधव दोनदा मागं वळला. दुसऱ्या गाण्यानंतर कानाशी येऊन म्हणाला, गाणं पोकळ वाटायलंय, भर ना. नाही भरलं. मांडवात नेहमीसारखं कुणी डोलत नव्हतं, लोक जेवणाकडं बघायला लागलेले. तरी नाही भरलं.
तिसऱ्या गाण्यात खलीलभाईंच्या मिक्सरकडं नजर गेली. मफलर गुंडाळलेले दाजी. ढोलकी नाही, हात मोकळे. कधी आले माहीत नाही. माझ्याकडं बघतही नव्हते. नुसता कान स्टेजकडं.
त्यानंतर काय वाजवलं ते नीट आठवत नाही. चांगलं वाजवलं असावं.
संपल्यावर वायरी गुंडाळत होतो तर समोर उभे.
"त्या तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याला तू थांबलास ना, तिथं माझा हात आपोआप उठला. पडला तो खलीलच्या मिक्सरवर. दोन लाईटी गेल्या म्हणून वरडला माझ्यावर."
ती जागा तुमचीच होती म्हणालो. सगळी गाणी मोकळी ठेवली होती.
"कळलं," म्हणाले. आणि अँपजवळ वाकून सहाही नॉब एकेक करून बघितले, हात न लावता. बराच वेळ.
लग्नातलं, फोडांचं, बेस का धरली ते, सगळं सांगावं असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलं. पण पॅडवाला तिथंच उभा होता, आणि दाजींनी मफलर सोडून पुन्हा बांधायला घेतला, आणि ते राहूनच गेलं.
ताडकळसला शिवरात्रीचा कार्यक्रम आहे. येता का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हट्टानं नाहीच म्हणाले असते. गाडीला किक मारता मारता त्यांनीच विचारलं, शिवरात्रीला माधव कोणत्या पट्टीत गाणार?
काळी दोन, म्हणालो.
बरं म्हणाले आणि गेले.
येतो म्हणाले नाहीत. पण नुसतं ऐकायला येणाऱ्याला पट्टी कशाला लागते? पट्टी लागते ती ढोलकी सुरात चढवणाऱ्याला. सकाळपासून सुरेखाला हेच विचारतोय. ती म्हणते, आधी दुकान उघडा.