तुह्या नावाचं कार्ड

पांढुर्णा, सोमवार

माह्या उर्वशी,

तू नेहमी म्हणे, "आई, इनामी भिशीत पैसे नको टाकू, पोस्टात आरडी काढ, व्याज तरी पक्कं भेटते." तुहं बरोबरच होतं. एवढा हिशोब मलेही समजते.

पण तू आपल्या मर्जीनं लग्न करून गेली अन् तुह्या बाबांनी घरात तुहं नाव घेणं बंद करून टाकलं. मग मी गुपचूप भिशीचं कार्ड काढलं, तुह्या नावानं. ड्रॉच्या दिवशी भिशी चालवणाऱ्या रजनीताई सगळ्यांसमोर एकेक नाव मोठ्यानं वाचतात अन् चिठ्ठी डब्यात टाकतात, कोणाले शंका नको म्हणून. मी मागे बसून ऐकत जाओ, "उर्वशी गुणवंता कामडे." महिन्यातून एकदा. पोस्टात कोणी नाव वाचत नाही, बाई.

काल तुही चिठ्ठी निघाली. कूलर लागला. मी रडली, तर बायकांले वाटलं खुशीनं रडून राहिली. मी रजनीताईले म्हटलं, कूलर दुसऱ्या कोणाले द्या, पण ही चिठ्ठी डब्यात परत टाका.

त्या म्हणाल्या, "असं नाही होत, वहिनी. इनाम लागलं की हप्ते माफ, अन् यादीतून नाव कटते."

कूलर घरी आणला. बाबांनी विचारलं, "कोणाच्या नावानं लागला?"

पोरी, मी माहं नाव सांगितलं.

तुहा पत्ताही विचारू न शकलेली,
तुही आई