कॉफीत बुडालेला निरोपसमारंभ

इंदिरानगर, नाशिक

तीर्थस्वरूप रावजीकाकांच्या पायांवर शेखरचं डोकं (वर काढायची हिंमत नाही, तेव्हा तिथेच राहू द्यावं).

काकूंचा गुडघा कसा आहे? इगतपुरीच्या ओल्या हवेत तो फार कुरकुरतो, असं छाया मागे म्हणाली होती. तुमची झोप कशी आहे? एवढी वर्षं गाड्यांना मागून इंजिन लावून कसारा घाट चढवल्यावर आता नुसता पेपर वाचत बसायचं म्हणजे कठीणच. इकडे सगळे ठीक. तुमची सून दीपमाला माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर.

तुम्ही दर आठवड्याला फोन करून "शेखर, फोटो आले का रे?" एवढंच विचारता आणि मी "वाळताहेत" म्हणतो. काका, कुरडयासुद्धा इतके दिवस वाळत नाहीत. तुम्हालाही ते कळत असणार, तरी "बरं बरं, घाई नाही" म्हणून फोन ठेवता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या फोटोसाठी काकूंनी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय, हे कळल्यापासून घास उतरत नाही. (जेवतो रोज, पण उतरत नाही.)

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी मी केलेला थाट सगळ्यांनी पाहिला. ज्याने मोबाईल काढला त्याला मी दटावलं. छायाला तर, तुमच्या सख्ख्या मुलीला, "तुझ्या मोबाईलच्या फोटोंना आत्मा नसतो" असं चारचौघांत सुनावलं. (आत्मा! अगदी हाच शब्द!) बिचारीने मुकाट्याने मोबाईल पर्समध्ये टाकला. माझे काका हार घालून इंजिनासमोर उभे राहणार, तेही खऱ्या कृष्णधवल फिल्मवर, आणि तो फोटो नातवंडं-पतवंडं बघणार, असं भाषणही मीच ठोकलं. तुमच्या साहेबांच्या भाषणापेक्षा ते लांबलं.

रोल मिळवला होता नाशिक रोडच्या जीवनशेठांकडून. त्यांचा स्टुडिओ कधीच बंद झाला, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पण घरच्या फ्रिजमध्ये, मटारच्या पिशवीखाली, त्यांनी शेवटचा रोल जपून ठेवला होता. मुलगी द्यावी तशी चौकशी करून त्यांनी तो दिला. फिल्मवर चित्र उमटवायची रसायनं हल्ली इथे मिळत नाहीत, बाहेरून मागवावीत तर तिकडेही संपलेली. म्हणून आमच्यासारखे छांदिष्ट घरीच काढा करतात : इन्स्टंट कॉफी, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि धुण्याचा सोडा. हसू नका, चित्र खरंच उमटतं. (वास मात्र असा, की खालच्या चंद्रभागाबाई ड्रेनेज तुंबलं म्हणून वर येतात.)

कॉफी दीपमालाच्या डब्यातली घेतली, सगळी. धुण्याचा सोडा मात्र संपलेला. वाणी म्हणाला, आता कोण वापरतं तो, लिक्विड न्या. थांबायचं होतं ना एक दिवस! पण माझ्या अंगात आलेलं. ढोकळ्यासाठी आणलेला खायचा सोडा दिसला. म्हटलं, हा जरा सौम्य असतो, दुप्पट घालू. असं काही नवं करताना रोलच्या टोकाचा तुकडा कापून आधी त्यावर बघायचं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. पण इतक्या मुश्किलीने मिळालेला रोल, बोटभर कापायलाही माझा जीव होईना. बोटभर वाचवला आणि अख्खा घालवला! खायच्या सोड्याने काहीच उमटवलं नाही. त्यावर मी ओतलं फिक्सर, एका एक्स-रेवाल्याच्या हातापाया पडून आणलेलं. जे उमटलं नाही ते फिक्सर धुऊन टाकतं, आणि त्याने आपलं काम चोख केलं. बाथरूमचा दिवा लावला तर रोल आरपार स्वच्छ, पलीकडचा गिझर दिसत होता. त्यात तुम्ही नाही, हार नाही, एवढं मोठं इंजिन नाही. मी उपड्या बादलीवर बसून रडलो, काका. बाहेरून दीपमाला विचारत होती, कॉफी कुठाय.

फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र. काकूंना तुम्हीच सांगा, आणि सांगायच्या आधी त्यांना बसवा.

तुमचा नालायक पुतण्या,
शेखर

ता. क. – येत्या रविवारी तुम्ही पुन्हा एकदा निवृत्त व्हाल का? शेवटच्या दिवशीचा शर्ट इस्त्री करून ठेवा. तुमचे इंजिनावरचे जोडीदार अब्बासभाई यायला तयार आहेत (मी परस्परच विचारलं). आता इंजिनाजवळ कोणी सोडणार नाही, पण आपण कुंपणाबाहेर उभं राहू, मागून एखादं जाईलच. हार मी आणतो.

ता. क. २ – जीवनशेठांनी या वेळी दारातूनच हात जोडले. फिल्म कुठेच नाही. तेव्हा फोटो छायाच्याच मोबाईलवर काढायचा आहे. तिला तेवढं तुम्ही विचारा. माझा नंबर बघून ती फोन उचलत नाही.

ता. क. ३ – एक गोष्ट लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवेना. त्या दिवशी अब्बासभाईंनी मिठी मारली तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडलो, "काका, डोळे पुसा लवकर, फिल्म वाया जाईल!" तुम्ही लगेच पुसलेत, वर माझ्यासाठी हसलात. तेव्हापासून मला तेच दिसतंय. रविवारी डोळे भरून आले तर येऊ द्या. आम्ही थांबू.