शनिवारी वगळलेला सर्व्हर

पनवेल, रविवार

प्रिय अवी यास त्रिविक्रमाचा सप्रेम नमस्कार आणि शालोम (हा नुसता अभिवादनाचा, त्या नावाचा तुझा थोरला भाऊ पुढे येतोच आहे). तिकडे इस्रायलात अश्दोदला उकाडा कसा आहे, गुडघा काय म्हणतो, ते कळव. दिनामावशी ठीक आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तुझी आई मला 'पूजा सांगायची सोडून कॉम्प्युटरच्या मागे लागलास' असं ऐकवते, त्यावरून तब्येतीचा अंदाज कर.

काल त्यांचं म्हणणं खरं ठरता ठरता राहिलं. आमच्या कंपनीची मासळीची चौदा कोल्ड स्टोरेजं आहेत आणि प्रत्येकात एक सर्व्हर तापमान सांभाळतो. दर शनिवारी दुपारी माझी स्क्रिप्ट त्या चौदांना ओळीने विचारते, की तुझ्यावर कुणी काम करतंय का. उत्तरांची एक यादी होते. 'हो' म्हणणारे तिच्यातून गाळायचे, उरलेले बंद करून पुन्हा सुरू करायचे. करंजा बंदरावरचा सर्व्हर शालोमकडे, तोही आता आमच्याच कंपनीत. शब्बाथला, म्हणजे तुमच्या शनिवारच्या कामबंदीत, त्याला हात लावणार नाही असं मी कबूल केलेलं, म्हणून शनिवारी स्क्रिप्ट त्याला प्रश्नच विचारत नाही. पण न विचारलेल्याचीही यादीत एक ओळ उरते: 'वगळले'. (पाठशाळेला दांडी मारली तरी हजेरीपटावर माझं नाव असायचंच, निदान मला तरी हे ठाऊक हवं होतं.) मी 'हो'वाले गाळले, वगळलेला गाळायला विसरलो. तो 'हो' म्हणाला नाही, म्हणून स्क्रिप्टने त्यालाही बंद केलं.

हा सर्व्हर पुन्हा सुरू होताना पासवर्ड मागतो. तो फक्त शालोमच्या डोक्यात. कुठेही लिहून ठेवू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं, आणि तो ऐकतो हा त्याचा दोष.

अडीचला करंज्याहून वेणूचा फोन. (दोन बोटींची मालकीण, तिची कोळंबी त्याच खोलीत, पाचला कंटेनर यायचा.) "गुरुजी, उणे अठराचं उणे पंधरा झालं. उणे बाराला गिऱ्हाईक माल घेत नाय. माझा अख्खा हंगाम आत हाय." तिला सर्व्हरसमोरून हलू नकोस म्हटलं. शालोमचा फोन शब्बाथपुरता कपाटात असतो, म्हणून स्कूटर काढून त्याचं घर गाठलं.

तो ओटीवर निवांत बसलेला. मी सगळं सांगितलं.

"आज कामाचं बोलत नाही, त्रिविक्रम."

"अरे, जीव जायची वेळ आली आहे."

मावशी आतून म्हणाल्या, "कोळंबीचा? तो कधीच गेलाय रे."

वेणूचा मेसेज आला: उणे चौदा. मी तो शालोमसमोर धरला. त्याने पाहिला नाही. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघून सावकाश म्हणाला, "घरचं बोलायला हरकत नाही. अवीला आपण लहानपणी काय म्हणायचो, आठवतं?"

"चिंबोरी," मी म्हटलं.

"आणि तो गेला कुठल्या साली?"

"शहाण्णव," मावशी आतून. (इतक्या पटकन त्यांना स्वतःच्या गोळीचं नावही सांगता येत नाही.)

मी अंगणात धावलो, वेणूला चिंबोरीची इंग्रजी अक्षरं आणि सालाचे चार आकडे सांगितले. पलीकडे बटणांची टकटक. मग ती म्हणाली, "लागला. काटा उणे तेरावर थांबलाय." मी कट्टा समजून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसलो.

कंटेनर वेळेवर गेला. शालोम आज सकाळी माझ्याशी कामाचं बोलला. ते पत्रात घालण्यासारखं नाही.

तुझा,
त्रिविक्रम

ता. क. स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती वगळलेले आधी बाजूला काढते, मग उत्तरं बघते. ज्याला विचारलंच नाही, त्याचं उत्तर 'नाही' धरायचं नाही.

पुन्हा ता. क. पासवर्ड करंजाभर झाला, तेव्हा बदलणं भाग आहे. शालोम म्हणतो, चिंबोरी राहू दे, साल बदलू. तो परत येईल ते टाकू. मी म्हटलं, अवी कसला येतोय. त्यावर मावशी म्हणाल्या, "विचारलंयस त्याला कधी?" तर विचारतो आहे. साल चार आकडी कळव. मावशींचं वय वर लिहिलंच आहे.